उजवा गाल

"ही बया कोण गं?" रखमाक्कानं मला विचारलं आणि बोट वर केलं.

चौकातल्या लिंबाला आणि विजेच्या खांबाला बांधून एक भलामोठा फ्लेक्स लावला होता. वर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो. खाली ओळीनं गावातले सगळे हौशी कार्यकर्ते, त्यांत आमचे धाकटे दीर नंदूभावजी गॉगल लावून. आणि मधोमध एक बाई. गोरीपान. गालावर डाग नाही, कपाळावर आठी नाही, ओठ गुलाबी. तिच्याखाली लिहिलं होतं, 'डाळिंबभूषण सौ. शालनताई लेंगरे यांचे हार्दिक अभिनंदन.'

मी डोक्यावरचं पेंडीचं पोतं खाली ठेवलं आणि नीट पाहिलं. साडी माझी होती, भाच्याच्या लग्नात नेसलेली जांभळी. कानातली फुलंही माझीच. बाकी त्या बाईशी माझी ओळख नव्हती.

"मीच हाय की, आक्का," मी म्हणाले.

रखमाक्का माझी सख्खी शेजारीण. माझ्या बाळंतपणात तिनं मला न्हाऊ घातलेलं. तिनं फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फ्लेक्सकडे पाहिलं. "चेष्टा करू नगंस," ती म्हणाली. "ही शेरगावची दिसती. तुझं बक्षीस हिला दिलं का काय?"

गोष्ट जुनी आहे. तेव्हा मी अठ्ठेचाळिशीची होते आणि माझा चेहरा कसा होता, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं घोटाळा नको. दोन्ही गालांवर वांग होतं. डाव्या गालावर कमी, उजव्या गालावर जास्त. उजवीकडचं तर डोळ्याखालून निघून जबड्यापर्यंत उतरलं होतं. कपाळावर पदर जिथं टेकतो तिथं एक रेघ होती. रेघेच्या वर मी माहेरची गोरी होते आणि रेघेच्या खाली लेंगऱ्यांच्या बागेची. आरशात बघायला वेळ नव्हता म्हणून वाईट वाटत नव्हतं, एवढंच.

तालुक्याच्या कृषी खात्याचं बक्षीस मिळालं होतं ते मात्र खरं होतं, आणि ते माझंच होतं. आमच्या माणदेशात उन्हाळ्यात डाळिंब करपतं. फळाच्या ज्या अंगाला दुपारनंतरचं ऊन बसतं, तिथं आधी पिवळा, मग काळा चट्टा पडतो आणि व्यापारी ते फळ हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. आमचे हे, म्हणजे बाळकृष्ण लेंगरे, गावाचे अण्णा, दर उन्हाळ्यात चट्टा पडलेलं एकेक फळ हातात घेऊन घरातलं कुणी गेल्यासारखे बसायचे. झाडांवर पांढरी माती फवारून झाली, कागदं बांधून झाली. एका दुपारी मला आमची ट्रंक आठवली. मानपानाच्या साड्या असतात ना, ह्या लग्नात आलेल्या त्या लग्नात द्यायच्या, कुणी कधी न नेसलेल्या, त्यांची ती ट्रंक. मी साड्यांना साड्या जोडल्या आणि झाडांच्या ओळींवर मांडवासारख्या ताणून बांधल्या. गाव हसलं. रखमाक्का बागेत येऊन म्हणाली, "ही तर मी तुझ्या पुतणीला दिलेली!" आणि महिनाभर बोलली नाही. पण त्या साली आमच्या बागेत करपलेलं फळ शोधावं लागलं.

पुढच्या साली निम्म्या तालुक्यातल्या ट्रंका रिकाम्या झाल्या. व्यापारी आले की अण्णा सांगायचे, "आमी साड्या बांधल्या." त्या 'आमी'त मी कुठं आहे, हे मी शोधत बसायचे. म्हणून बक्षिसाच्या पत्रावर माझं नाव बघितलं तेव्हा मला भारी वाटलं. खोटं कशाला सांगू, मी ते पत्र देवापुढं ठेवलं आणि मग देवाला जरा बाजूला सरकवलं.

तर त्या दिवशी फ्लेक्स बघून घरी गेले आणि नंदूभावजींना धरलं.

"भावजी, माझ्या तोंडाला काय केलंय?"

"उजळलंय, वैनी. फ्लेक्सवाला सगळ्यांचंच उजळतो. पावण्यांचं उजळलं आन तुमचं तसंच ठेवलं, तर बरं दिसतंय व्हय?"

"उतरवा ते."

भावजींनी कानावर हात ठेवले. "पावण्यांचा फोटो हाय त्यावर! कार्यक्रमाच्या आधी पावण्यांचा फ्लेक्स उतरवला तर तालुक्यात काय संदेश जाईल?"

संदेश जायच्या आधी फोनच आला. तालुक्याचे कृषी अधिकारी, खरमाटे साहेब. त्यांच्याकडे निनावी तक्रार आली होती की फ्लेक्सवरची बाई बोगस आहे, तिनं आयुष्यात बाग बघितलेली नाही, पुरुषांची शेती बायकांच्या नावावर दाखवून बक्षिसं लाटतात त्यातलाच हा प्रकार. साहेबांनी सांगितलं, कार्यक्रमाच्या आधी ते स्वतः ताईंना समोरासमोर बघतील. चेहरा पटला तर बक्षीस, नाही पटला तर बक्षीस थांबवून ठेवणार.

"आधार कार्ड दाखवतो की, साहेब," भावजी म्हणाले.

"पाठवलंय तुम्ही ते," साहेब म्हणाले. "त्या फोटोत कुणीही असू शकतं. तुम्हीसुद्धा."

फोन ठेवून भावजी सोप्यात बसले आणि घरची बैठक झाली. अण्णा, भावजी, मी आणि आमची सून स्वप्नाली. पोरगा नोकरीला बाहेरगावी, म्हणून सून तेव्हा आमच्याजवळ. भावजींनी पेच मांडला. साहेबांनी चौकातला फ्लेक्स बघितलाय. तेच तोंड त्यांना समोर पाहिजे. फ्लेक्स बदलता येत नाही.

"मग?" अण्णा म्हणाले.

"मग वैनी बदलायच्या," भावजी म्हणाले. "न्हायतर असं करू. वैनींना बरं न्हाय म्हणून सांगू, आन बक्षीस मी घेतो त्यांच्या वतीनं. माझा चेहरा फ्लेक्सवर हायेच."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. साड्या बांधताना ज्या माणसानं 'वैनी, बागेला काय न्हाण आलंय का?' असं विचारलं होतं, तो माझ्या नावाचं बक्षीस घेऊन गॉगल लावून फोटो काढणार. मी म्हणाले, "मी जाणार. तोंड फ्लेक्ससारखं करायचं असलं तर करा. पण वर मीच चढणार."

स्वप्नालीचे डोळे चमकले. लग्नाआधी पोरीनं ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता आणि आमच्या घरात येऊन तिला गोठ्यातल्या शेणाशिवाय काही थापायला मिळालं नव्हतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"आत्या, तुमी सनस्क्रीन कधी लावलंच न्हाय?"

"ते कधी लावायचं असतं?"

"उनात जायच्या आधी."

"मग लग्नातच लावायला पाहिजे हुतं," मी म्हणाले.

तिनं सांगितलं की वांग असं दोन दिवसांत जात नाही. त्याला क्रीम असतं, डॉक्टर असतो, महिन्यामागून महिने घालवावे लागतात, आणि ऊन बंद करावं लागतं. ऊन बंद करावं लागतं म्हटल्यावर अण्णा हसले. ती म्हणाली, "घालवता येत न्हाय, पण झाकता येतं. आधी केशरी लावायचं."

"तोंडाला केशरी?"

"काळ्यावर डायरेक्ट गोरं लावलं तर राखेसारखं दिसतं. काळ्यावर केशरी, केशरीवर अंगाचा रंग, त्यावर पावडर."

अण्णांना हे पटलं. "भिंतीला आधी प्रायमर मारत्यात, तसं," ते म्हणाले. मग जवळ आले, डोळे बारीक करून माझ्या गालाकडे बघितलं. डाळिंब निवडताना बघायचे, तसं. म्हटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "ती पांढरी माती हाय की निम्मं पोतं शिल्लक. झाडावर चालती तर हिला का चालू नये?"

"मामा!" स्वप्नाली ओरडली.

"एवढी म्हाग माती, वाया कशाला घालवायची?" असं पुटपुटत ते बागेत निघून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी स्वप्नालीनं मला खिडकीत बसवलं. फ्लेक्सचा फोटो तिनं मोबाइलमध्ये काढून आणला होता. तो एका हातात, ब्रश दुसऱ्या हातात. आधी केशरी लागलं. दारात दूध घालायला आलेली रखमाक्का मला बघून "आई गं!" म्हणत उलट्या पावली परत गेली. मग अंगाचा रंग आला. अंगाचा म्हणजे माझ्या अंगाचा नव्हे, फ्लेक्सच्या. तो तिनं ठिपक्याठिपक्यानं लावला, थापला, पसरवला. कपाळावरची रेघ बुजवताना तिनं दातांत जीभ धरली होती. मधेच मला शिंक आली तर म्हणाली, "आत्या, दाबा."

"शिंक दाबायची?"

"नाकाचं सगळं परत करावं लागंल."

मी शिंक दाबली. शेवटी तिनं आरसा दिला. आरशात फ्लेक्सवरची बाई बसली होती. मी हसले तर तीही हसली, पण तिच्या हसण्यात माझ्या डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या नव्हत्या. मला तिचा राग यावा असं काही नव्हतं, तरी आला. ही माझ्या जागी बसून बक्षीस घेणार आणि मला घरी ठेवून जाणार, असं उगाच वाटलं.

अण्णा फेटा बांधून आले, सोप्यात थबकले आणि मला म्हणाले, "बसा पावणं. आमची कारभारीण आत हाय."

मार्केट यार्डात मांडव घातला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधे वाट. आम्ही चौघं स्टेजच्या मागं गेलो, तिथं ताडपत्रीच्या आडोशाला खरमाटे साहेब उभे होते. सडपातळ माणूस, हातात मोबाइल, त्यात फ्लेक्सचा फोटो. त्यांनी फोटो माझ्या तोंडाजवळ धरला. डोळे, नाक, ओठ, एकेक बघितलं.

"जुळतंय," ते म्हणाले. भावजींनी सुटकेचा श्वास सोडला. साहेब पुढं म्हणाले, "तंतोतंत जुळतंय. म्हणजे तक्रार खरी आहे."

"आँ?"

"फ्लेक्सवरची बाई याच, यात शंका नाही. पण ताई, राग मानू नका. मी शेतकी कॉलेजात शिकलोय, आयुष्य बागांत गेलंय. हा चेहरा कधी उन्हात गेलेला नाही. माणदेशात बाग करून असं कातडं राहत नाही. यांनी साड्या बांधल्या म्हणता? यांनी तर गच्चीत पापडसुद्धा वाळत घातले नसतील."

दोन तास हलू नको, हसू नको, शिंकू नको असं करून जे तोंड मिळवलं, त्यानंच मला बाहेर काढलं होतं. तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "डाळिंबभूषण पुरस्काराच्या मानकरी सौ. शालनताई लेंगरे यांनी व्यासपीठावर यावं." माझं नाव मार्केट यार्डभर घुमलं आणि मी ताडपत्रीच्या मागं उभी.

भावजी लगेच पुढं सरकले. "साहेब, मग वाद नको. मी घेतो स्वीकारून." खिशातून गॉगलही निघाला.

तो गॉगल बघितला आणि मी खांद्यावरचा पदर ओढला, शेजारच्या पाण्याच्या घागरीत बुडवला आणि उजव्या बाजूला कपाळापासून गालापर्यंत लावला. घासलं. पावडर गेली, अंगाचा रंग गेला, केशरी गेलं. पदर बघितला तर रंगपंचमी झालेली.

"आत्या!" स्वप्नालीनं माझा हात धरला. "सगळं पुसू नगा! सगळं पुसलं तर फ्लेक्सशी जुळायचं कसं?"

पोरीचं खरं होतं. मी नाकाच्या शेंड्यावर थांबले.

आता माझ्या तोंडावर अर्धी फ्लेक्सवरची बाई होती आणि अर्धी मी. साहेबांनी मोबाइल वर धरला, डावीकडून बघितलं, "जुळतंय" म्हणाले. मग वळसा घालून उजवीकडे आले आणि त्यांचा आवाजच बदलला. मोबाइल खिशात गेला. ते वाकले. बागेत पाहणीला आल्यावर वाकतात, तसे.

"सनबर्न," ते म्हणाले. "चांगला जुना आहे. पश्चिमेच्या उन्हाचा." मग मला विचारलं, "ताई, दुपारी तुम्ही बागेत कुठं असता?"

"ठिबकच्या कॉकजवळ. तिथं दगड हाय, त्यावर. पाणी सोडायचं, वळवायचं, बंद करायचं."

"तोंड कुठं करून बसता?"

"झाडांच्या वळींकडं. दक्षिणेला. पाणी कुठवर गेलं बघायला नको?"

"म्हणजे पश्चिम उजव्या हाताला." त्यांनी मान हलवली. "बरोबर. वरचं कपाळ पदरानं झाकलेलं, म्हणून तिथं डाग नाही. खाली डोळ्यापासून जबड्यापर्यंत करपलेलं. एका उन्हाळ्यात हे होत नाही. या बाई कॉकजवळ वर्षानुवर्षं बसलेल्या आहेत. माझ्या बाजूनं काही अडचण नाही."

ते हे बोलत होते तेव्हा अण्णा माझ्या उजव्या हाताला उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते साहेबांकडे बघत नव्हते. माझ्या गालाकडे बघत होते, आणि चट्टा पडलेलं फळ हातात घेऊन बसतात तेव्हा दिसतात तसे दिसत होते. फेटा जरा तिरका झाला होता, तोही त्यांनी सरळ केला नाही.

मी स्टेजवर चढले. पाहुण्यांनी हार हातात घेतला आणि तसेच थांबले. त्यांना बहुतेक आपली नजर गेली असं वाटलं. पण मोठी माणसं सवयीची असतात, त्यांनी हसून हार घातला. शाल दिली, नारळ दिला, वर एक हिरवी रेशमी साडी दिली. फोटोवाला ओरडत होता, "ताई, इकडं बघा. नको, नको, तिकडं बघा. नको, समोर. आता काय करू मी?"

माझा उजवा गाल बायकांकडे होता आणि डावा पुरुषांकडे. बायकांच्या बाजूनं रखमाक्काचा आवाज आला, "आली गं बया, आपलीच शालन आली!" पुरुषांच्या बाजूला सगळे म्हणत होते, "फ्लेक्सवरची बाई आली. शालनवैनी कुठाय?" त्यावरून संध्याकाळी गावात घराघरांतून भांडणं झाली. नवरे म्हणत होते, शालन आलीच नाही. बायका म्हणत होत्या, आम्ही डोळ्यांनी बघितली. एक-दोघींनी तर त्या दिवशी चूलच पेटवली नाही.

घरी आल्यावर मी खोबरेल तेलानं उरलेली बाई पुसून काढली. सत्काराची साडी मी ट्रंकेत ठेवली. ट्रंक रिकामी होती, तीच पहिली.

पुढं चैत्रात ऊन तापलं, आम्ही बागेत साड्या ताणल्या. सगळ्या ओळी झाल्यावर मी घरी भाकरी आणायला गेले. परत आले तर अण्णा बागेच्या कडेला शिडीवर चढून सुतळीची गाठ मारत होते, आणि त्यांनी ताणली होती ती माझी सत्काराची साडी. हिरवी. घडीसुद्धा न मोडलेली.

"आवं, खुळं का काय तुमी!" मी ओरडले. "बक्षिसाची साडी हाय ती! जुनी कुठली न्हवती का?"

त्यांनी खाली बघितलं नाही. गाठ आवळत म्हणाले, "कडंचं एक झाड उघडं ऱ्हायलं हुतं."

मी बघितलं. तिथं झाड नव्हतं. तिथं कॉक होता, आणि कॉकजवळ माझा दगड.

"तीस वर्सं," ते म्हणाले, आणि पुढं काही बोलायचं असावं, पण त्यांच्या दातांत सुतळी होती.

वांग पुढं कधी गेलं नाही, अजूनही आहे. त्या दुपारी मी भाकरीचं फडकं खाली ठेवलं, दगडावर बसले, तोंड दक्षिणेला केलं आणि कॉक सोडला. उजव्या गालाला ऊन लागलं नाही.